अबोलीचा कौल

या वहीत आतापर्यंत मी माझ्याच लहानपणाचं लिहीत आले. हे प्रकरण मात्र तुमच्या रेवाताईच्या दहावीच्या वर्षाचं आहे. निहार, ओवी, तुम्ही तेव्हा तिकडे बर्फात घसरगुंड्या खेळत होतात आणि इथे काय चाललं होतं ते तुमच्या आईबाबांनाही आम्ही पूर्ण सांगितलं नव्हतं. लिहू का, म्हणून रेवाला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लिही. पण मला शहाणी करू नकोस. आणि आजी, तुझा भाग गाळायचा नाही." तिची ही दुसरी अट मला अवघड गेली. तुम्हाला माझी सवय माहीत आहे: वहीला समास आखायचा, औषधांच्या डब्यांना वारांच्या चिठ्ठ्या लावायच्या, मनिऑर्डरीच्या पावत्यासुद्धा टाचून ठेवायच्या. अशा बाईला स्वतःची चूक नीट क्रमाने लिहायला बसवलं की पेन अडखळतं.

मंदारकाका, म्हणजे रेवाचा बाबा, तेव्हाही लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातच होता. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा रात्रपाळी. काकूची नोकरीही तिकडेच. घरी आल्यावर पोरीकडे बघायला कोणी नाही, म्हणून नववी संपल्यावर रेवाला माझ्याकडे रत्नागिरीत आणून ठेवली. घर तुम्ही पाहिलं आहे. मागे आंब्याची सोळा कलमं, कडेला जांभ्या दगडाची बुटकी भिंत, म्हणजे गडगा, गडग्याच्या मुळाशी अबोलीची रांग. वारा पश्चिमेचा असला की समुद्राची गाज माजघरात ऐकू येते. मी कपाटाच्या दारावर तिचं वेळापत्रक चिकटवलं. साडेपाचला उठणे, सहा ते आठ गणित, मग घावन किंवा मऊभात, मग शाळा. चार ते आठ पुन्हा अभ्यास. पट्टी लावून रेघा मारल्या होत्या. रेवाने ते वाचलं आणि म्हणाली, "आजी, यात श्वास कधी घ्यायचा?" मी म्हटलं, "मधल्या सुट्टीत." दोघी हसलो. सुरुवातीचे महिने असेच हसण्यात गेले.

फोन तिला द्यावाच लागला होता, कारण शिकवणीच्या नोट्स त्यावर येत. मी नियम केला की अभ्यासाच्या वेळी फोन तांदळाच्या डब्यात राहील. डबा स्वयंपाकघरात, अगदी माझ्या नजरेखाली. नोट्स हव्या असतील तेव्हा माझ्यासमोर बाहेर काढायचा आणि परत ठेवायचा. तो वाजत असता तर मला काही वाटलं नसतं. तो थरथरायचा. तुळईत भुंगा पोखरत असावा तसा आवाज तांदळातून यायचा, थांबायचा, मी आमसुलाचं सार उकळायला ठेवते तोवर पुन्हा यायचा. आवाज आला की बाहेरच्या खोलीत रेवाचं पाठांतर मध्येच तुटायचं. पुढे पुढे आवाज न येताही तुटायला लागलं. मी दारातून बघायची तर मान डब्याच्या दिशेला आणि ओठ अर्धवट उघडे. कोणी हाक मारल्यावर माणूस बघतो तसं ती बघत असायची.

घरात सकाळी सुगंधा कामाला येते. तिचं गाव लांज्याच्या आतल्या बाजूला. तिनेच एकदा भांडी पुसता पुसता मला विचारलं, "ओ आजी, ही पोरगी रोज कौल कुणाला लावते ओ?"

"कौल?"

"काल मैत्रिणीस फोनवर सांगत होती. म्हणे कौल लावलाय, बघू काय येता."

"अगो, पोल असेल ते," मी म्हटलं. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलेली बाई, मला हसू आलं. संध्याकाळी रेवाला विचारलं तर तिनेही हसत हसत दाखवलं. फोटोंचं ते ॲप, त्यावर तिचा फोटो, खाली प्रश्न आणि दोन चौकोन. 'वेणी की पोनी?' ज्यांना वाटेल ते बोट ठेवतात आणि दिवसभरात उत्तर मिळतं. कोणी कुठे बोट ठेवलं तेही तिला कळतं. "सगळेच करतात, आजी. मजा असते."

हसू सुगंधाला आलं नव्हतं. ती म्हणाली, "कौल काय, नि पोल काय. विचारलान् म्हंजे ऐकायला लागता."

ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं, कारण मी स्वतः एका कौलामुळे शिकले. आमच्या गावी देवळात गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायचा आणि गाऱ्हाणं घालायचा. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. उजवा दिला, डावा दिला, असंच म्हणायचे. मी सातवी झाल्यावर माझ्या वडिलांनी कौल लावला, मुलीला शिकायला रत्नागिरीला पाठवू का? डावी पडली. वडील मुकाट घरी आले. माझी आई चुलीपाशी होती. तिने विचारलं, "अहो, काय शब्दांत विचारलंत?" वडील म्हणाले, "पाठवू का, म्हणून." आई म्हणाली, "मग उद्या विचारा, घरी ठेवून घेऊ का." दुसऱ्या दिवशी विचारलं, पुन्हा डावीच पडली. मी रत्नागिरीला आले. ही गोष्ट मी रेवाला सांगितली तेव्हा ती खो खो हसली. म्हणाली, "म्हणजे प्रश्न सेट करणाऱ्याच्याच हातात असतं सगळं!" मी कौतुकाने मान डोलावली. हे वाक्य माझ्यावरच उलटणार आहे हे तेव्हा कळलं नाही.

वेणी आणि पोनीवरून ती 'इतिहास की भूगोल?'वर आली आणि मग 'अभ्यास की झोप?'वर. उत्तर झोप आलं की ती खरंच झोपायची. एका सकाळी जास्वंदीच्या बुंध्याशी मला चार घावनं सापडली, मुंग्या लागलेली. मला वाटलं तिला आवडली नसतील, म्हणून दुसऱ्या दिवशी डब्यातल्या ओल्या खोबऱ्यात गूळ जास्त घातला. पुष्कळ दिवसांनी तिने सांगितलं की तो प्रश्न होता, 'डबा खाऊ की टाकू?' आणखी एक दिवस ती माझ्याशी अवाक्षर बोलली नाही. मी काही विचारलं की मान हलवायची. मला वाटलं पोट दुखत असेल, ओवा दिला. त्या दिवशीचा प्रश्न होता, 'आजीशी बोलू की मौन?' एकशेचाळीस लोकांनी, ज्यांतल्या बहुतेकांनी मला कधी पाहिलं नाही, ठरवलं होतं की माझ्या नातीने माझ्याशी बोलू नये.

सहामाहीत ती गणितात काठावर पास झाली. मंदार रात्रपाळी संपवून तसाच, डोळे लाल, पहिल्या गाडीने आला. "आई, फोन बंद. मी घेऊन जातो." तो घेऊन गेला. त्या आठ दिवसांत रेवा जेवली नाही असं नाही, पण पानात बोट फिरवत बसायची. 'कुळथाचं पिठलं घेऊ की आमटी?' एवढं ठरवायलाही तिला जमेना. पान समोर, दोन वाट्या समोर आणि पोरीच्या डोळ्यांत पाणी. मला भीती वाटली ती तेव्हा. मार्क कमी पडतात, पुन्हा मिळवता येतात. पण सोळाव्या वर्षी या मुलीला आपल्याला भूक कशाची आहे तेच कळत नव्हतं. नवव्या दिवशी शिकवणीच्या बाईंनी नोट्ससाठी फोन हवाच म्हणून सांगितलं आणि फोन परत आला. तांदळात भुंगा पुन्हा पोखरू लागला.

आता माझा भाग. मी विचार केला, ऐकणारच असेल तर तिने चांगलं ऐकावं. मी माझ्या फोनवर ते ॲप घेतलं. नाव काय द्यायचं म्हणून खिडकीबाहेर पाहिलं, गडग्याशी अबोली फुललेली. नाव दिलं अबोली, फोटोही त्याच फुलांचा. बोलायचं नाही, फक्त मत द्यायचं, म्हणून नावही मला फार चपखल वाटलं. 'अभ्यास की रील?' मी अभ्यास. 'भूमिती आत्ता की उद्या?' मी आत्ता. रोज, न चुकता. ती बाहेरच्या खोलीत, मी स्वयंपाकघरात, मध्ये एक भिंत, आणि मी बोट ठेवत होते. आठवडाभरात दोन गोष्टी घडल्या. कोणा अनोळखी माणसाने अबोलीला लिहिलं, 'हाय डिअर, कुठली तू?' मी एकाहत्तर वर्षांची. आधी हसले, मग हाच प्रश्न रेवाला किती जण विचारत असतील हे मनात आलं आणि हसू जागीच थांबलं. दुसरी गोष्ट लिहायला मला लाज वाटते. पहाटे उठल्यावर मी देवापुढे दिवा लावण्याआधी फोन बघायला लागले. एकदा दूध उतू जाऊन शेगडी विझली तरी मला कळलं नाही. सुगंधा म्हणाली, "आजी, तुमका पण लागला काय?" मी तिच्यावर चिडले.

पौषात पूर्वपरीक्षा आली. त्या वर्षी धुकं फार पडत होतं. मोहोर भरून आला होता, पण रोज सकाळी पानं ओली आणि मोहोर काळा पडत चाललेला. शेजारचे आंबेवाले फवारण्या करून थकले होते आणि आभाळाकडे बघून नुसते उभे राहायचे. भूमितीच्या पेपराच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला मी फोन उघडला. रेवाने काळ्या पाटीवर एवढंच लिहिलं होतं: 'उद्या. जाऊ / नको.' तिच्या मैत्रिणीचा दुसऱ्या दिवशी वाढदिवस होता आणि मुली भाट्याच्या किनाऱ्यावर जमणार होत्या हे मला ठाऊक होतं. त्याच्या पुढल्या दिवशी विज्ञानाचा पेपर. म्हटलं, विचारते आहे हे चांगलंच आहे. मी 'नको'वर बोट ठेवलं आणि समाधानाने कुकर लावला.

सकाळी गडगा दिसत नव्हता इतकं धुकं होतं. मी तिच्या हातावर दही-साखर घातली. ती बूट घालून उंबऱ्यापाशी थांबली आणि म्हणाली, "जाते."

आमच्याकडे घरातून निघणारं माणूस 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतं. मी म्हटलं, "अगो, येते म्हण." तिने माझ्याकडे बघितलं. काहीतरी विचारायचं असावं तसं, पण विचारलं नाही. धुक्यात फाटकाचा आवाज झाला फक्त.

सव्वाअकराला शाळेतून तिच्या वर्गशिक्षिकांचा फोन आला. "आजी, रेवा आजारी आहे का? पेपर सुरू होऊन पंधरा मिनिटं झाली." मी म्हटलं, ती तर दहालाच निघाली. मी मैत्रिणीच्या आईला फोन केला. मैत्रीण पेपरला बसली होती, वाढदिवसाचं सगळं संध्याकाळचं होतं. मग मला कळलं की 'उद्या' म्हणजे काय होतं. मी रेवाला फोन लावला, तिने तोडला. पुन्हा लावला, पुन्हा तोडला. सवयीने की घाबरून, मी ते ॲप उघडलं. तिने नुकताच नवा प्रश्न टाकला होता. फोटोत एसटी स्टँडची फरशी आणि तिचे बूट. खाली लिहिलं होतं: 'समुद्र / हायवे.'

मुलांनो, मी जवळजवळ साठ वर्षं या गावात समुद्राशेजारी राहिले आहे. पण त्या शब्दाकडे मला बघवेना. लिहून विचारावं, आजी आहे म्हणून सांगावं, असं मनात आलं. पण मग ती फोन बंद करील आणि मला काहीच कळणार नाही. मी 'हायवे'वर बोट ठेवलं. चौकोन भरला. हायवे पुढे होता, समुद्र थोडा मागे. मी ते आकडे बदलायची वाट बघत देवघराच्या उंबऱ्यावर बसले. देवाकडे माझी पाठ होती.

हायवे पुढेच राहिला तशी मी नाक्यावर गेले. तिथला दत्ता रिक्षावाला तिच्या वडिलांना लहानपणापासून ओळखतो. "काकी, हायवे म्हणजे हातखंबा," तो म्हणाला, "इथली बस दुसरी कुठं जाणार? बसा." धुक्यात तो भोंगा वाजवत निघाला. वाटेत मी तीनदा फोन पाहिला. "काकी, खाली बघू नका, रस्त्याला बघा, पोर दिसली पायजे," असं म्हणून त्याने मला दटावलं.

हातखंब्याला हायवेच्या तिठ्यावर ट्रक, टपऱ्या, वडे तळल्याचा वास. ती एका टपरीच्या बाकावर बसली होती. गणवेश, मांडीवर दप्तर, कंपास हातात. समोरून ट्रक गेला की तिची ओढणी उडायची आणि ती मागे सरकायची नाही. मी तिचं मनगट धरलं. थंड होतं.

"आजी? तुला कसं कळलं?"

"कळलं," मी म्हटलं. "चल."

ती निमूट रिक्षात बसली. रडली नाही. थोड्या वेळाने आपणहून म्हणाली, "मी लोकांचं ऐकलं नाही गं. लोक काहीही बोलतात, मला माहितीये. पण एक मुलगी आहे, अबोली म्हणून. ती कधीच फालतू सांगत नाही, रोज अभ्यास कर म्हणते. मी ठरवलं होतं, बाकी कोणी काही म्हणू दे, अबोली 'जाऊ' म्हणाली तर पेपरला जायचं." तिने कंपास दप्तरात टाकला. "तीपण नको म्हणाली. म्हटलं, म्हणजे तिलाही दिसतंय की मला जमणार नाही."

कुवारबाव आलं तशी मी दत्ताला रिक्षा बाजूला घ्यायला सांगितली आणि माझा फोन तिच्या हातात दिला. तिने आधी फुलाचा फोटो पाहिला. बोटांनी मोठा केला. फुलांच्या मागे कोपऱ्यात आपला गडगा होता, त्यावर सुगंधाने वाळत घातलेलं फडकं.

"मला वाटलं वाढदिवसाचं विचारते आहेस," मी म्हटलं.

"म्हणजे ती कोणी नव्हतीच," रेवा म्हणाली. मग फार हळू, "तू भिंतीपलीकडे होतीस ना? मग आत येऊन सांगायचं नाहीस का, आजी?"

दत्ताने आरशातून आमच्याकडे बघितलं आणि नजर वळवली.

त्यानंतर तीन दिवस घरात अबोला होता आणि तो कोणी मत देऊन ठरवलेला नव्हता. मंदारला मी फोनवर सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "आई, तूसुद्धा?" शाळेने गैरहजेरीची चिठ्ठी मागितली. ती मी लिहिली आणि कारणाच्या जागी 'घरातील मोठ्यांची चूक' असं लिहिलं. वर्गशिक्षिकांनी दोनदा वाचून घडी केली, आणि पुढच्या आठवड्यात तिचा पेपर वेगळा घेतला.

चौथ्या दिवशी चार वाजता रेवा स्वयंपाकघरात आली, तांदळाच्या डब्याचं झाकण काढलं, आपला फोन आत खुपसला आणि माझ्यापुढे हात केला. "तुझापण." मी दिला. आठ वाजेपर्यंत दोन्ही आत. तिने आणखी एक अट घातली. ती काय विचारील त्याला मी उत्तर द्यायचं नाही. फार कठीण होतं ते. "आजी, इतिहास की भूगोल?" मी गप्प. "सांग ना." मी गप्प. ती चिडायची, पाय आपटायची, एकदा पट्टी भिंतीवर फेकली. मग कुठलं तरी पुस्तक ओढायची. किती दिवस लागले ते मी मोजले नाहीत. एका दुपारी ताटावर बसल्यावर तिने काही न विचारता पिठलं वाढून घेतलं आणि दुसऱ्यांदा मागितलं. मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले. डबा मात्र थरथरतच होता. त्यातला एक थरथराट माझा असायचा.

कारण, रेवा, हे तूही आत्ताच वाचते आहेस: अबोली काढून टाक असं तू सांगितलंस आणि मी काढली म्हणून सांगितलं, तेव्हा ती काढलेली नव्हती. आठनंतर मी उघडत होते. तू काही विचारत नव्हतीस, तरी मी बघत होते.

बोर्डाच्या पहिल्या पेपराला आभाळ स्वच्छ होतं. उरलेल्या मोहोरातून कैऱ्या धरल्या होत्या, वाटाण्याएवढ्या. रेवाने बूट घातले, हॉल तिकीट दोनदा तपासलं आणि उंबऱ्यापाशी थांबली. तिने विचारलं नाही. "येते गं," म्हणाली. फाटक वाजलं.

घर रिकामं झालं आणि सकाळीच तांदळात ठेवलेल्या माझ्या फोनची थरथर झाली. मी हात घालून फोन काढला. त्या अनोळखी माणसाने लिहिलं होतं, 'अबोली, अजून गप्प का?' पडद्यावर तांदळाचा एक दाणा चिकटला होता. मी उभ्या उभ्याच शोधत गेले आणि खातं काढून टाकायची जागा सापडली. ॲपने विचारलं, 'नक्की काढायचं?' खाली दोन शब्द होते. डावीकडे 'नाही', उजवीकडे 'हो'.

मी उजवा दिला.